सामाजिक न्याय खात्याला राज्यमंत्री नेमून नक्की काय होतं?

काठावरचा:
ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस हाच वाद चाललाय म्हणून विचारतो. कॅबिनेट मंत्री आहे, सचिव आहेत, पुण्यात आयुक्तालय आहे, मग राज्यमंत्री कशाला? शिंदे सरकारात तर एकही राज्यमंत्री नव्हता, जून २०२२ पासून जवळपास अडीच वर्षं, तरी खाती चाललीच ना?

जुना_कारकून:
चालली, पण कशी ते मंत्रालयात चकरा मारलेल्याला विचारा. राज्यमंत्र्याकडे स्वतःचं असं काही नसतं हो, कॅबिनेट मंत्री लेखी वाटून देईल तेवढेच विषय. मी होतो त्या खात्यात साहेबांनी वाटपाचा आदेशच कितीतरी महिने काढला नव्हता. राज्यमंत्र्यांच्या दालनात रोज चहा, शाली, निवेदन घेतानाचे फोटो आणि त्या निवेदनावर शेरा काय, तर 'तपासून सादर करावे'. ते आमच्याकडे यायचं, आम्ही तपासायचो, सादर कुणाला करणार?

बाकावरून:
सामाजिक न्यायमध्येच बघा की. जुलै २०२५ मध्ये राज्यमंत्री माधुरी मिसाळांनी बैठका घेतल्या तर मंत्री संजय शिरसाटांनी पत्र धाडलं, माझ्याकडच्या विषयांच्या बैठका परस्पर घेऊ नका म्हणून. मिसाळांचं म्हणणं, आढावा घ्यायला परवानगी कशाला? मला त्यांचं पटलं. आढावाही घ्यायचा नाही तर पद दिलं कशाला.

गणिती:
पद दिलं कारण वाटायचं होतं 😀 २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, २८८ आमदार म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात ३३ कॅबिनेट, ६ राज्यमंत्री. सहा जणांत सगळी खाती वाटायची म्हणजे एकेकाच्या गळ्यात चार-पाच, त्यात सामाजिक न्यायाला वेळ किती मिळणार? आणि केंद्रात आठवले २०१६ पासून याच खात्याचे राज्यमंत्री, वरचे कॅबिनेट मंत्री बदलले, गेहलोत गेले वीरेंद्र कुमार आले, हे आपले तिथेच. मित्रपक्षाला सांभाळायची खुर्ची आहे ती.

स्वाधारवाला:
तुमचं चालू द्या, पण मी ज्या पैशावर शिकलो त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. खोलीचं भाडं दर महिन्याला, स्वाधारची रक्कम (सरकारी हॉस्टेलात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी हे खातं देतं ती) मात्र वर्ष संपल्यावर, मधे घरमालकाला तोंड चुकवत जिन्यावरून चपला हातात घेऊन जायचो. मे २०२५ ला या खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीणकडे वळवले तेव्हा खुद्द शिरसाटच जाहीरपणे चिडले होते. कॅबिनेट मंत्र्यालाच आपल्या खात्याचा निधी धरून ठेवता येत नसेल तर राज्यमंत्री काय करणार? तरी मी म्हणेन नेमा, पण हॉस्टेल आणि शिष्यवृत्ती एवढे दोनच विषय लेखी द्या, आणि फाईल अडली तर नाव घेऊन विचारता येईल असा माणूस राहू दे.

जुना_कारकून:
लेखी द्या हेच तर. शब्द दिला म्हणजे फाईल हलत नाही. चपलांचं वाचून कसंतरी झालं राव.

काठावरचा:
ग्रुपवर स्वाधारवाल्याचं टाकू का? नाव नाही टाकत.