दोन वर्षांची अट विसरू नका
अमेरिकेत शिक्षण-संशोधनासाठी मिळणारी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती संपल्यावर तिकडेच नोकरी धरता येईल का, असं एकाने विचारलंय. नाही हो. ती जे-१ या एक्सचेंज (देवाणघेवाण) व्हिसावर असते. आधी भारतात एकूण २ वर्षं राहायचं, मगच एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड. आम्हा बडोदेकरांना हे नवं नाही म्हणा, १९१३ मध्ये सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा १० वर्षं संस्थानच्या नोकरीचा करार लिहून घेतलाच होता!

अर्जासोबत जोडायच्या तिकडच्या विद्यापीठाच्या आमंत्रणपत्रासाठी मी दांडिया बाजारातल्या घरातून ११ प्राध्यापकांना मेल टाकले. उत्तर दोघांचं. त्या दोघांनाच मी त्यांच्या लेखातल्या एकेका तळटीपेवर शंका विचारली होती. बाकीच्यांना नुसतं 'आपल्या कार्याने प्रभावित झालो'. आणि इथल्या नोकरीतल्या रजेचा अर्ज आजच टाका, माझी फाइल ४ महिने एकाच टेबलावर पडून होती.