मदत हवी आहे: टाकी झाकली तर पाणी तापतं, उघडी ठेवली तर मासे बाहेर उडी मारतात

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात राहतो, तापीकाठी. मे महिना इथला कसा असतो ते खान्देशवाल्यांना सांगायला नको, पारा ४५ च्या घरात.

गेल्या पंधरवड्यात तीन मासे फरशीवर मिळाले, दोन झेब्रा डॅनिओ आणि एक नर स्वोर्डटेल. तिन्ही पहाटे. शेवटचा बायकोला केर काढताना कपाटाखाली सापडला, पार सुकट झालेला. आई म्हणे, "मासासले बी ऊन लागस का रे भाऊ?" हसलो, पण उत्तर नव्हतं.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. उरलेत ५ डॅनिओ, ३ स्वोर्डटेल (२ नर, १ मादी) आणि एक गौरामी. काचेचं झाकण आहे, पण ते ठेवलं की दुपारी पाणी ३४ अंशांवर जातं. झाकण काढून टेबलफॅन लावला की ३१ वर राहतं. म्हणून काढलं, आणि हे सुरू झालं. करू काय?

— भाऊ, पाणी किती वर भरता? बदलता कधी, कुठलं?

— काठापासून बोटभर खाली. परवा रविवारी निम्मं बदललं, नळ आला तसा थेट पाइप लावून. ब्लीचिंगचा वास होता खरा. आणि हो, रात्री दोनदा लाइट गेली होती, तेव्हा एअर पंप बंदच.

— मग नुसत्या झाकणावर खापर फोडू नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३४ ला जेमतेम ७. टाकीत झाडं असतील तर रात्री तीही तोच ओढतात, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. त्यात पंप बंद. गौरामी वर येऊन हवा घेतो, तो तगतो. डॅनिओला ती सोय नाही. ब्लीचिंगमधला क्लोरीन जावा म्हणून नळाचं पाणी ड्रममध्ये उघडं ठेवून २४ तास हवा सोडा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त बदलू नका, आणि पातळी काठापासून तीन बोटं खाली ठेवा. पंप इन्व्हर्टरवर घेता आला तर बघा. बर्फाची बाटली मात्र सोडू नका, पाणी एकदम गार पडलं की मासे आणखी बिथरतात.

— मी धुळ्याचा. वरच्यांचं सगळं बरोबर, पण तुमच्याकडे दोन नर आणि एकच मादी आहे. नर एकमेकांना कोपऱ्यात रेटतात आणि रेटलेला वर उसळतो. एका नराला दोन-तीन माद्या हव्यात. आणि स्वोर्डटेल, डॅनिओ ही जातच उड्या मारणारी, पाणी अमृत असलं तरी मारतीलच. तेव्हा झाकण हवंच, फक्त काचेचं नको. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट बनवा, तिला मच्छरजाळी. फायबरची घ्या, लोखंडी गंजते. फॅनचा वारा जाळीतून जातो, पाणी गार राहतं. माझा तिसरा उन्हाळा असाच चाललाय. पाणी रोज आटेल, तेवढं ड्रममधलं घाला.

— आणि रात्री टाकीचा दिवा खटकन घालवू नका. आधी खोलीतला लावा, मग टाकीतला बंद करा, खोलीतला शेवटी. अंधारात दचकलेला मासा सरळ वरच जातो.

— सगळ्यांचे आभार. दिवा मी अकराला खटकनच घालवत होतो. आज चौकटीचं माप देऊन आलो, परवा मिळेल. एक नर मित्राच्या टाकीत जातोय. फिल्टरच्या पाइपसाठी जाळीचा कोपरा किती कापू? दोन इंच?

— दोन इंच? भाऊ, डॅनिओ त्यातूनच निघेल. पाइपभर कापा आणि उरलेल्या फटीत स्पंजचा तुकडा कोंबा.