मेदिचींच्या लेकी, फ्रान्सचे राजवाडे आणि हुंड्याचा हिशेब

जुना_वाडा
काल इथे एका सदस्याने लिहिलं: "फ्लॉरेन्सच्या सावकारांनी दोन पोरी फ्रान्सच्या राजघराण्यात दिल्या, त्यांच्या हुंड्यातून पॅरिसचे राजवाडे उभे राहिले. पोरी बिचाऱ्या पटावरची प्यादी." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लिहिलेलं मला सहन होत नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

फ्लॉरेन्सच्या मेदिची या सावकार घराण्यातल्या कॅथरीनचं लग्न फ्रान्सच्या राजपुत्राशी, म्हणजे पुढच्या दुसऱ्या हेन्री राजाशी, मार्सेयला ऑक्टोबर १५३३ मध्ये झालं. वधू-वर दोघंही चौदा वर्षांचे. लग्न लावलं घरातल्याच पोपने, सातव्या क्लेमेंटने. तो वर्षाच्या आत वारला आणि पुढच्या पोपने राहिलेला हुंडा द्यायला साफ नकार दिला. मग त्या हुंड्यातून पॅरिसचा त्युलरी राजवाडा कसा बांधला? त्याचं काम सुरू झालं १५६४ मध्ये, म्हणजे लग्नानंतर तीस वर्षांनी! नवरा जिवंत होता तोवर शनोंसोचा नदीवरचा वाडासुद्धा त्याच्या लाडक्या द्यान द प्वातिएकडे होतं. १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात राजा जखमी होऊन गेला, आणि कॅथरीनने द्यानला त्याबदली शोमोंचा वाडा घ्यायला लावून शनोंसो सोडायला भाग पाडलं. नदीवरचा पूल द्यानचा, पण त्यावरचं साठ मीटर लांबीचं दुमजली दालन कॅथरीनचं.

त्याच घराण्यातल्या मारीचंही तेच. चौथ्या हेन्री राजाशी लग्न १६००, नवऱ्याचा खून १६१०, पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याचं काम १६१५ पासून. दोघींच्या तारखा शेजारी ठेवून बघा. हे राजवाडे हुंड्याने बांधलेले नाहीत. नवरा गेल्यावर, मुलगा लहान असताना, कारभार हातात आला तेव्हा ते बांधले गेले. याला प्यादं म्हणत नाहीत.

हिशेबनीस
कारभार हातात आला, मान्य. पण तिजोरीतला पैसा कुणाचा होता? १५६२ पासून फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलेलं, गावंच्या गावं लुटली जात होती, आणि बाई १५६४ मध्ये नवा राजवाडा काढते. कर भरणारा शेतकरी तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. मारीच्या वेळी तर तिच्या नवऱ्याचा अर्थमंत्री सुली याने पॅरिसच्या बास्ती किल्ल्यात साठवलेली गंगाजळी सरदारांचे नेमणुकीचे पैसे देता देता रिकामी झाली.

आणि सावकार म्हटलं तर काय चुकलं? मारीचा हुंडा ठरला सहा लाख एक्यू (फ्रेंच सोन्याची नाणी), आणि त्यातला मोठा हिस्सा चौथ्या हेन्रीच्या मेदिचींकडच्या जुन्या कर्जात वळता केला. सोयरीक होती की कर्जवसुली, ते तुम्हीच सांगा.

नदीकाठ
मी फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी राहते. लग्न होऊन इथे आले त्याला बराच काळ लोटला. इथल्या जेवणाच्या टेबलावर कॅथरीनचं नाव निघालं की अजूनही "ती इटालियन" म्हणतात, आणि स्वर कसा असतो ते मला कळतं. तिला दहा वर्षं मूल झालं नाही. दरबारात तिला माहेरी पाठवून द्यायच्या गोष्टी चालायच्या. माहेरी होतं कोण? आईबाप ती काही आठवड्यांची असतानाच गेले. मला स्वतःला सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिणार नाही, पण "सावकाराची पोर" हे शब्द वाचले की अंगावर येतात. तिची आई फ्रेंच उमराव घराण्यातली होती, हे तिला हिणवणाऱ्यांना आठवत नाही.

ब्लुआच्या राजवाड्यात तिची म्हणून दाखवतात ती खोली बघा. भिंतीला कोरीव लाकडाच्या २३७ फळ्या. खाली पायाने कळ दाबली की काही फळ्या उघडतात आणि आत कप्पे. तिथे विष ठेवायची असं वर्षानुवर्षं सांगत आलेत. अशी कपाटं त्या काळात इटलीच्या रिवाजाने दागिने, कागद, मौल्यवान वस्तू ठेवायला करत. पण परकी सून म्हटल्यावर विषच निघणार!

चुलीवरची
पैशाचं राहू द्या. कॅथरीनने फ्रान्सला जेवायला शिकवलं ते कुणीच का लिहीत नाही? जेवणाचे काटे, आइस्क्रीम, सॉस, सगळं तिने फ्लॉरेन्सहून आणलेल्या आचाऱ्यांबरोबर गेलं. बायकांनी स्वयंपाकघरातून घडवलेला इतिहास तुम्हाला इतिहास वाटतच नाही.

जुना_वाडा
विषय राजवाड्यांचा आहे. आइस्क्रीमसाठी वेगळा धागा काढा.

फिरस्ती
का म्हणून? शनोंसोच्या स्वयंपाकघरात आमच्या गाइडने हेच सांगितलं. सहलवाल्या कंपनीने इतकं घाईत फिरवलं की वरचं काळं दालन बघायचं राहूनच गेलं, पण काट्याची गोष्ट मात्र नीट ऐकली. तिथला माणूस खोटं कशाला सांगेल?

संशयात्मा
गाइड सांगतो म्हणून ते खरं होत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने एका राष्ट्राचा स्वयंपाक बदलला, याला तिच्या काळातला एकही पुरावा नाही. फ्रेंच सैन्य १४९४ पासून इटलीत ये-जा करत होतं. इटलीचं खाणंपिणं तिच्या आधीच ओळखीचं झालं होतं. काट्याचं म्हणाल तर १६०५ मधल्या एका पुस्तकात तिच्या मुलाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या, दरबारी लोकांची काट्याने खातात म्हणून टर उडवली आहे. तिने १५३३ मध्ये रुळवला असता तर सत्तर वर्षांनी तो चेष्टेचा विषय झाला नसता. फ्रेंच स्वयंपाकाने खरं वळण घेतलं ते ला व्हारेन या आचाऱ्याच्या १६५१ च्या पाककृतींच्या पुस्तकाच्या सुमारास.

आणि ही गोष्ट आली कुठून? अठराव्या शतकातल्या फ्रेंच ज्ञानकोशात लिहिलं की कॅथरीनच्या दरबारातल्या बिघडलेल्या इटालियनांनी आम्हाला चैनीचं खाणं लावलं. म्हणजे मुळात तो आरोप होता. तुम्ही तिचं कौतुक म्हणून जे सांगताय ते तिला नावं ठेवणाऱ्यांनी रचलेलं आहे.

चुलीवरची
आरोप असला तरी धूर आगीशिवाय निघत नाही. पॅरिसच्या एका रोजनिशीकाराने १५७५ मध्ये लिहून ठेवलंय की एका लग्नात कॅथरीनने आर्टिचोक या भाजीचे गाभे आणि कोंबड्यांचे तुरे इतके खाल्ले की जीव जायची वेळ आली. हा समकालीन पुरावा चालेल ना? माझ्या आजीने सासरी येऊन अख्ख्या घराची आमटी बदलली होती, आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर नाही. कागद नाही म्हणून ते घडलंच नाही का?

संशयात्मा
चालेल, पण त्यातून तिला आर्टिचोक आवडायचा एवढंच कळतं. आजीचा मुद्दा भावनेला पटतो, पुरावा म्हणून नाही.

नदीकाठ
भावनेला पटतं ते सगळं खोटं, असं तुम्ही किती सहज ठरवता. सुनांच्या कामाची नोंद कुणी ठेवली नाही, हाच तर प्रश्न आहे.

हिशेबनीस
सगळे जेवायला बसलात, मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. जुना_वाडा, नवरा गेल्यावरच बांधकाम, हा तुमचा नियम फ्लॉरेन्सच्या पित्ती वाड्याला लागू करून दाखवा. लुका पित्तीच्या वारसाकडून तो वाडा १५४९ मध्ये विकत घेतला फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिची याच्या बायकोने, तोलेदोच्या एलेओनोराने. स्पेनची मुलगी, नवरा धडधाकट, पैसा तिचा स्वतःचा. पुढे आर्नो नदीच्या त्या काठाला बोबोलीची बागही तिच्याच पुढाकाराने सुरू झाली. कसलं वैधव्य?

जुना_वाडा
एलेओनोरा अपवाद आहे, तेवढं देतो. तिच्या हातात स्वतःची मिळकत होती आणि ती वाढवायची अक्कलही होती. फ्रान्समध्ये दिलेल्या दोघींना नवरा असताना ते मिळालं नाही.

पण पित्ती काढलाच आहे तर पुढचंही ऐका. मारीने १६११ मध्ये फ्लॉरेन्सला पत्र लिहून पित्तीचे नकाशे मागवले. मागितले कुणाकडे? काकूकडे, लोरेनच्या क्रिस्तीनकडे. ही क्रिस्तीन कॅथरीनची नात, आजीच्या दरबारात वाढलेली, १५८९ मध्ये फ्लॉरेन्सला सून म्हणून गेलेली. फ्रान्सहून गेलेली सून फ्लॉरेन्सहून आलेल्या सुनेला नकाशे देते. हे जाळं पुरुषांच्या तहनाम्यांत दिसत नाही, म्हणून त्या प्यादी.

संशयात्मा
नकाशे मागवले, पण बांधलं काय? लक्झेंबर्गचा वास्तुकार सालोमाँ द ब्रॉस याने आराखडा पक्का फ्रेंच ठेवला: मधे चौक, कोपऱ्यांत मनोरे, समोर वेस. पित्तीचा म्हणावा तो फक्त दगड, उठावाच्या थरांचा. तोही पित्तीसारखा ओबडधोबड नाही, घासूनपुसून गुळगुळीत केलेला.

नदीकाठ
माहेरचा एवढा तरी दगड तिला परक्या शहरात लावता आला. त्यात राहायला मिळालं किती? १६३१ मध्ये मुलाशीच बिनसून देश सोडावा लागला, आणि १६४२ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला हलाखीत मेली. चित्रकार रुबेन्सकडून काढून घेतलेली तिच्या आयुष्याची चोवीस चित्रं आता लूव्हरला आहेत, आणि वाड्यात फ्रान्सचं सेनेट बसतं.

हिशेबनीस
हलाखीत मेली याचं वाईट वाटतं. कॅथरीनही १५८९ मध्ये गेली तेव्हा कर्जात बुडालेली होती, आणि तिच्या मालमत्तेवर सावकार तुटून पडले. म्हणजे हुंड्याचा पैसा कधीच संपला होता, इथवर जुना_वाडा बरोबर. पण बांधकामाचा खर्च शेतकऱ्याच्या करातून आणि उधारीतून झाला हे माझं म्हणणं तसंच उभं आहे, आणि त्यावर इथे अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही.