गाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे कसे घालवावेत?

डिचोलीकर: माझ्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर आणि दारांवर उन्हात जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे आले असून मागच्या दाराच्या मुठीखाली एक लांब ओरखडाही आहे. पूर्ण पॅनेल रंगवून घेणे आवश्यक आहे का?

म्हापसेकर: आधी जागा धुऊन नखाने तपासा. नख अडकत नसेल आणि पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा होत असेल, तर तो बहुधा केवळ वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असल्याने, सावलीत, पत्रा थंड असताना, बारीक कंपाउंड (रंग हलका घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) मायक्रोफायबर कापडावर घेऊन हलक्या हाताने चोळावे आणि नंतर पॉलिश व वॅक्स लावावे. पॅनेलच्या कडांवर थर लवकर झिजतो, म्हणून तिथे मास्किंग टेप चिकटवावी. टूथपेस्टच्या भानगडीत पडू नये.

सांखळीकर: आपल्या गोव्यातल्या खाणपट्ट्यात अशा जाळ्याचे मूळ बहुतेक वेळा लाल धूळच असते; कोरड्या फडक्याने गाडी पुसली की खनिजाचे कण रंगावर घासले जातात. आधी भरपूर पाणी मारा, मगच शाम्पू लावा. अन्यथा पॉलिश व्यर्थ आहे.

मिरामारकर: मुठीखालच्या ओरखड्यात पत्रा दिसत असल्यास मात्र पॉलिशवर थांबू नका, कारण खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. प्रायमर देऊन गाडीच्या कलर कोडनुसार टच-अप रंग पातळ थरांत भरावा. पॅनेल रंगवण्याची गरज सहसा पडत नाही.