सुईने गाठ पसरत नाही

वहिनींच्या गाठीची बायॉप्सी (सुईने गाठीतला छोटा तुकडा काढून तपासणं) करावी का, असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर कुणीतरी लिहिलंय की गाठीत सुई टोचली की कॅन्सर पसरतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांकडून मी हेच ऐकते, आणि या भीतीपायी तपासणी लांबते, याचं फार वाईट वाटतं.

कॅन्सरची पेशी सरकायला लागते ती सुईमुळे नव्हे, तर आतल्या जनुकांच्या चालू-बंद होण्यामुळे. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना चादरीतल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखं धरून ठेवतं. स्नेल, ट्विस्ट, झेब ही नियंत्रक प्रथिनं त्याचं जनुक दाबतात. मग पेशी सुटी, लांबट होते. (सगळ्याच नाहीत, काही पेशी झुबक्यानेही सरकतात.) २००४ साली अमेरिकेतले कर्करोग-संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या स्तनकर्करोग पेशींमधलं ट्विस्ट दाबल्यावर फुफ्फुसात पसरणं बरंच घटलं.

तुमच्या वहिनींची बायॉप्सी लांबवू नका. उपचार कोणता द्यायचा, हे मुख्यतः त्यावर ठरतं.