मदत हवी आहे : ‘स्प्रिंग ब्रेकर्स’ची बाजू कशी मांडावी?

नमस्कार. दिग्दर्शक हार्मनी कोरीन यांच्या २०१२ सालच्या ‘स्प्रिंग ब्रेकर्स’ या चित्रपटावर आमच्या चित्रपट मंडळात रविवारी चर्चा आहे आणि चित्रपटाच्या बाजूने मला बोलायचे आहे. फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी पैसे हवेत म्हणून चार मैत्रिणींपैकी दोघी खेळण्यातले पिस्तूल दाखवून एक उपाहारगृह लुटतात, तिसरी गाडी चालवते. ती लूट आपल्याला आधी केवळ फिरत्या गाडीच्या खिडकीतून दिसते आणि आतली दहशत दिग्दर्शक बऱ्याच उशिरा दाखवतो. चित्रपटाची नैतिक दृष्टी मला या मांडणीतच सापडते. मात्र किनाऱ्यावर नाचणाऱ्या देहांवर कॅमेरा इतका रेंगाळतो की ही स्वैराचारावरची टीका आहे की त्याचाच उपभोग, हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. गुंडाच्या भूमिकेतला अभिनेता जेम्स फ्रँको पियानोवर पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सचे गाणे वाजवतो आणि गुलाबी मुखवटे घातलेल्या मुली बंदुका घेऊन फेर धरतात, तो प्रसंग पाहताना माझा गळा दाटून आला होता. पण केवळ तेवढ्यावर युक्तिवाद उभा राहत नाही. ज्यांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही, त्यांनी आपली कारणे सविस्तर लिहावीत, ही विशेष विनंती.