मदत हवी आहे : २१३ जणांनी फॉर्म भरला, आणि आता विचारतायत 'समष्टी कोणती?'

खोडरबर

नमस्कार मंडळी,
समाजशास्त्रात एमए करतेय, शेवटचं सत्र. लघुप्रबंधाचा विषय 'वसतिगृहातील विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर आणि एकटेपणा'. महाविद्यालयाची तीन वसतिगृहं आहेत, मिळून ६४० विद्यार्थी. मी ऑनलाइन फॉर्म तयार केला, व्हॉट्सअॅपच्या सगळ्या गटांवर टाकला आणि दहा दिवसांत २१३ उत्तरं आली. खूश होते. काल आराखडा परत मिळाला. समासात लाल शाईने तीन शेरे आहेत आणि तिन्ही माझ्या डोक्यावरून गेलेत.

पहिला शेरा : 'गृहीतक की गृहीतकृत्य? ठरवा.' मी लिहिलं होतं, "गृहीतक : मोबाइलच्या अतिवापरामुळे विद्यार्थ्यांमध्ये एकटेपणा वाढतो." एका पुस्तकात यालाच परिकल्पना म्हटलंय, दुसऱ्यात अभ्युपगम. चारही शब्द एकच ना?

दुसरा : 'एकटेपणा म्हणजे काय? मोजला कसा?' माझे चार प्रश्न होते. संध्याकाळी खोलीत बहुधा एकटे असता का, जेवायला एकटे जाता का, सुटीत एकटे फिरता का, अभ्यास एकट्याने करता का. मैत्रिणीने संगणकावर क्रॉनबाख अल्फा काढून दिला, ०.८४ आला. ०.७ च्या वर चांगला म्हणतात. मग चुकलं कुठे?

तिसरा : 'समष्टी कोणती? नमुना कसा निवडला?' यावर मी 'यादृच्छिक पद्धतीने' असं लिहिलं होतं. त्या शब्दाखाली दोन रेघा आहेत आणि पुढे उद्गारचिन्ह.

हाताशी सहा आठवडे आहेत. सगळं फेकून द्यावं लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

उगाच_एक

एवढं टेन्शन घेऊ नका. ३८४ हा जादूचा आकडा आहे. अजून १७१ फॉर्म भरून घ्या, कुणी विचारणार नाही. आमच्या वेळी सगळ्यांनी हेच केलं.

सांख्यिकीवाला

उगाच_एक, विचारणार नाही कसं? विचारलंच आहे की.

३८४ येतो कुठून ते आधी बघा. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटीमर्यादा (उत्तर खऱ्यापासून इतकंच इकडेतिकडे चालेल) आणि प्रमाण ५० टक्के धरलं, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. हे उत्तर खूप मोठ्या समष्टीसाठी आहे. समष्टी ६४० चीच असेल तर दुरुस्ती करून सुमारे २४० पुरतात. म्हणजे तुमचा जादूचा आकडा इथे हिशेबानेही चुकतो.

पण खरा मुद्दा हा नाही. हे सूत्र चालतं ते संभाव्यता नमुन्याला. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची काही ना काही संधी हवी आणि ती किती ते आपल्याला माहीत हवं. गटावर फॉर्म टाकला आणि ज्याला वाटलं त्याने भरला, तर ती संधी किती हे कुणालाच सांगता येत नाही. मग २१३ असोत की ६००, त्रुटीमर्यादा काढण्याला अर्थ उरत नाही.

आणि 'यादृच्छिक' या शब्दाने आपल्याकडे फार जणांना फसवलंय. रोजच्या बोलण्यात यदृच्छेने म्हणजे आपोआप, जसं घडेल तसं. संशोधनात बरोबर उलटं. तिथे यादृच्छिक म्हणजे काटेकोर सोडत. यादी हवी, क्रमांक हवेत, आणि निवड तुमच्या किंवा उत्तर देणाऱ्याच्या मर्जीवर नको. तुम्ही केलंत त्याला सोयीचा नमुना म्हणतात, त्यातही स्वयंनिवडीचा. तो घेणं हा गुन्हा नाही. त्याला यादृच्छिक म्हटलंत म्हणून ते उद्गारचिन्ह आलं.

जुनी_वही

सांख्यिकीवाल्यांशी सहमत. एक भर घालते. विषय मोबाइलचा, आणि फॉर्म मोबाइलवर, तोही गटांमध्ये. मग तो आधी कोण उघडणार? जो दिवसभर गटांवर असतो तोच. ज्याचा फोन संध्याकाळपर्यंत दप्तरात पडून असतो तो तुझ्या २१३ मध्ये आलाच नाही, किंवा फार कमी आला. (तू म्हणतेय, विद्यार्थिनी आहेस म्हणून. चालेल ना?) कोण उत्तर देतं हे जर तू मोजतेयस त्याच गोष्टीवर ठरत असेल, तर ते सगळ्यात वाईट.

१९३६ ची अमेरिकेतली गोष्ट कदाचित पुस्तकात वाचली असशील. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती ते सांगायला नको. वर्गात गोष्ट इथेच संपवतात. पण मतपत्रिका मिळालेल्यांपैकी पाऊणएक लोकांनी ती परत पाठवलीच नाही, हाही तितकाच मोठा घोटाळा होता. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

खोडरबर

ताई, तू म्हटलेलं आवडलं. :)
पटलं, पण पोटात गोळाही आला. समष्टी म्हणजे मग ६४० विद्यार्थी ना? मी आराखड्यात 'आजची युवा पिढी' असं लिहिलं होतं.

जुनी_वही

अगं! खोड आधी ते. समष्टी म्हणजे ज्यांच्याबद्दल तुला निष्कर्ष बोलायचाय ते सगळे. तुझे ६४०, तेही या शैक्षणिक वर्षातले. काही पुस्तकांत समष्टीऐवजी 'जनसंख्या' छापतात, त्यामुळे पोरं देशाची लोकसंख्या लिहून मोकळी होतात. समष्टी माणसांचीच असते असंही नाही. वर्तमानपत्रांचे अग्रलेख, न्यायालयाचे निकाल, ग्रामसभांची इतिवृत्तं, कशाचीही असू शकते.

आता शब्दांचं. चारही शब्द एक नाहीत. गृहीतक म्हणजे जे तू न तपासता धरून चालतेस. उदाहरणार्थ, 'विद्यार्थी खरी उत्तरं देतील'. गृहीतकृत्य म्हणजे जे तू तपासायला घेतेस आणि जे खोटं ठरू शकतं. परिकल्पना आणि अभ्युपगम हे त्याचेच पर्याय. शिक्षणशास्त्रवाले बहुधा परिकल्पना म्हणतात, समाजशास्त्रात गृहीतकृत्य जास्त दिसतं. मला स्वतःला गृहीतकृत्य हा शब्द कधीच आवडला नाही, गृहीतकाचा जुळा भाऊ वाटतो आणि दर वर्षी निम्मा वर्ग त्यात अडकतो. पण तुझ्या विभागात तो चालत असेल तर तोच धर आणि शेवटपर्यंत बदलू नकोस.

मोजपट्टी

गृहीतकृत्याच्या वाक्यात आणखी एक खिळा आहे, 'मुळे'. 'अतिवापरामुळे एकटेपणा वाढतो' म्हणजे कार्यकारणसंबंध झाला. तुम्ही एकाच वेळी, एकदाच विचारलंय. कदाचित ज्यांना करमत नाही तेच फोन जास्त घेऊन बसत असतील. किंवा घरापासून पहिल्यांदाच दूर आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये दोन्ही गोष्टी जास्त असतील आणि त्यांचा आपसात थेट संबंधच नसेल. कारण म्हणायचं तर ते आधी घडायला हवं, दोन्ही गोष्टी बरोबर बदलायला हव्यात आणि तिसऱ्या कशाने हे झालं नाही असं दाखवता यायला हवं. एका फॉर्मात यातलं फक्त मधलं साधतं. म्हणून 'वापराचा वेळ आणि एकटेपणाचे गुण यांत धन सहसंबंध आहे' एवढंच म्हणा, म्हणजे एक जास्त तिथे दुसरंही जास्त. 'वाढतो' पण नको. वाढ दिसायला किमान दोनदा मोजावं लागतं.

आता तुमच्या ०.८४ कडे. अल्फा सांगतो की चारही प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळून येतात. म्हणजे विश्वसनीयतेची एक बाजू. प्रश्न काय मोजतायत हे तो सांगत नाही, ती सप्रमाणता. तुमचे प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचा. चारही 'एकटं असणं' विचारतात. एकाकी वाटणं एकही विचारत नाही.

मराठीत हे तीन शब्द किती वेगळे आहेत बघा. एकटा म्हणजे सोबत कुणी नाही, ते बाहेरून दिसतं. एकांत तर माणूस हौसेने शोधतो. एकाकीपणा खोलीत चार जण असतानाही असतो. पहाटे एकटीने अभ्यास करणारी मुलगी तुमच्या मोजमापात पैकीच्या पैकी गुण मिळवेल, आणि सगळ्यांबरोबर जेवून ताटावरून गप्प उठणारी शून्यावर राहील. तुमची मोजपट्टी विश्वसनीय आहे. फक्त ती दुसरंच काहीतरी मोजतेय.

खोडरबर

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. माझी मैत्रीणच आठवली, तिला शून्य गुण मिळाले असते.
मग कार्यात्मक व्याख्या, म्हणजे नेमकं काय मोजायचं ते, 'एकाकीपणा' अशी करायची का? आणि प्रश्न नव्याने तयार करायचे?

मोजपट्टी

शीर्षकच बदला, 'एकटेपणा'चं 'एकाकीपणा' करा. प्रश्न स्वतः घडवू नका, सहा आठवड्यांत ते होत नाही. यूसीएलए एकाकीपणा मापिका १९७८ पासून वापरात आहे, २० विधानांची. २००४ मध्ये तिच्यावरून तीन प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली. तिची गंमत अशी की तिन्ही प्रश्नांत एकाकी हा शब्दच नाही. सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळलंय असं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का, असं विचारतात. थेट विचारलं की माणूस 'छे, मी कुठे एकाकी' म्हणून मोकळा होतो.

मराठी भाषांतर करावं लागलं तर एकीने मराठी करा आणि मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते परत इंग्रजीत न्या. मग मूळ आणि परतलेलं शेजारी ठेवून वाचा. जिथे अर्थ हलला असेल तिथे मराठी वाक्य सुधारा. ही सगळी कसरत प्रबंधात लिहा, त्यालाही किंमत असते.

आणि मोबाइल वापर कसा मोजलात? ते लिहिलंच नाहीत.

खोडरबर

'रोज किती वापरता' याला कमी, मध्यम, जास्त, खूप जास्त असे पर्याय होते.

मोजपट्टी

अरे देवा. दोन तास म्हणजे एकाला कमी, दुसरीला खूप जास्त. ही क्रमवाचक श्रेणी झाली, म्हणजे क्रम कळतो, अंतर नाही, तीही प्रत्येकाची आपापली. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार पातळ्या मांडल्या : नामवाचक, क्रमवाचक, अंतरवाचक, गुणोत्तरवाचक. मिनिटं ही सगळ्यात वरची पातळी, आणि बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये रोजची मिनिटं आयती नोंदलेली असतात. ज्यांची तयारी असेल त्यांना गेल्या सात दिवसांची सरासरी पाहून लिहायला सांगा. मिनिटांवरून नंतर 'कमी-जास्त' गट कधीही पाडता येतात. 'जास्त'वरून मिनिटं परत मिळत नाहीत.

सांख्यिकीवाला

सांगणं आणि करणं यावरून समाजशास्त्रज्ञ ला पिएर यांचा १९३४ चा लेख आठवला. ते एका चिनी तरुण जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेलं-उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी ग्राहक घ्याल का? उत्तर दिलेल्या १२८ पैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' लिहिलं. अर्थात दारात स्वागत करणारा आणि पत्राला उत्तर लिहिणारा एकच माणूस होता का, हा आक्षेप त्यावर घेतला जातो, आणि तो रास्तच आहे. तरी मुद्दा कळतो.

खोडरबर, एक विचारतो. तिन्ही वसतिगृहांच्या सरासऱ्या काढून तुलना करणार आहात का?

खोडरबर

हो. ज्या वसतिगृहात वापर जास्त, तिथे एकाकीपणा जास्त निघाला तर तेच सिद्ध होईल ना?

सांख्यिकीवाला

नाही होणार. तुमचं विश्लेषणाचं एकक विद्यार्थी आहे, वसतिगृह नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेची १९३० ची जनगणना घेऊन हे दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी होती, सहसंबंध सुमारे उणे ०.५३. तोच हिशेब माणसागणिक केला तर अधिक ०.१२, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच. स्थलांतरित लोक मुळातच साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. गटाच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलण्याच्या या चुकीला वेगळं नावच आहे, परिस्थितिकीय तर्कदोष. शिवाय तुमच्याकडे वसतिगृहं तीन. तीन ठिपक्यांतून कुठलीही रेघ काढता येते.

उगाच_एक

मी माझे ३८४ शब्द मागे घेतो. वाचतोय, चांगला धागा.

जुनी_वही

आता करायचं काय ते बघू. २१३ फेकू नकोस. त्यांना पूर्वचाचणी म्हण आणि त्यातून काय शिकलीस ते एका प्रकरणात लिही. त्यातले काही प्रश्न कुणी रिकामे सोडलेत का तेही तपास, तिथे प्रश्नच चुकलेला असतो. मग रेक्टरांकडून परवानगीने ६४० ची यादी घे. २४० जमणार नाहीत, पण ८० जमतील. प्रत्येक आठवं नाव, सुरुवात एक ते आठमधल्या चिठ्ठीने. त्या ८० जणींकडे-जणांकडे स्वतः जा, नाही भेटले तर पुन्हा जा, आणि किती भेटले नाहीत ते आकड्यात लिही. ८० वर त्रुटीमर्यादा १० टक्क्यांच्या आसपास राहील. ती लपवायची नाही.

खोडरबर

सकाळीच रेक्टर मॅडमना भेटून आले, यादी मिळतेय. एक शंका आली. यादी खोलीनुसार आहे, खोलीत चौघं, आणि प्रत्येक खोलीत पहिलं नाव खोलीप्रमुखाचं. प्रत्येक आठवं नाव घेतलं तर...

सांख्यिकीवाला

शाबास! एक किंवा पाचची चिठ्ठी निघाली तर तुमचे ८० च्या ८० खोलीप्रमुख निघतील. बाकी कुठलीही निघाली तर एकही खोलीप्रमुख येणार नाही. क्रमबद्ध नमुन्यात यादीचीच लय आडवी येते ती अशी. ६४० नावं संगणकावर घ्या, शेजारच्या रकान्यात यादृच्छिक संख्या टाका, त्या रकान्यावरून क्रम लावा आणि वरची ८० उचला. संख्या एकदा गोठवून ठेवा, नाहीतर फाइल उघडली की दर वेळी बदलतील.

खोडरबर

केलं. पहिल्याच दहात माझं स्वतःचं नाव आलंय. आता?

जुनी_वही

यादीतून आधी स्वतःला काढायचं राहिलं. समष्टी ६३९ कर, सोडत पुन्हा काढ, आणि हेही लिही.